द्रौपदाबाईची हाक

मित्रांनो, या, जवळ बसा. फक्त माझ्या डोक्यावर टिचक्या मारू नका आणि "हॅलो, हॅलो, माईक चेक" असं ओरडू नका. उभ्या आयुष्यात इतक्या टिचक्या खाल्ल्या आहेत की माझी जाळी एका अंगाने चेपली आहे. मी एक जुना माईक आहे. शिंदखेड्याच्या बाजाराकडे जाताना असलमभाईंचं साऊंडचं दुकान लागतं. त्या दुकानाच्या मागच्या खोलीत, टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात, वायरींच्या गुंडाळ्यांशेजारी मी पडून असतो. हल्ली मला कोणी बाहेर काढत नाही, आणि का काढत नाही तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कुठे झाला ते मला आठवत नाही. डोळे उघडले ते धुळ्याच्या एका दुकानात, स्पंजाच्या गादीवर, काळ्या डब्यात. असलमभाईंनी मला उचलून घरी आणलं. त्यांच्या बायकोने, हुस्नबानोने, मला ओढणीच्या टोकाने पुसलं आणि कौतुकाने म्हणाली, "किती देखणा आहे हो!" असलमभाईंच्या घरात बोलतात ते हिंदी-उर्दू मिसळून, पण मी तुम्हाला सगळं मराठीतच सांगतो. तर अशा मोठ्या थाटात मी कामाला सुरुवात केली. लग्नं, वाढदिवस, जयंत्या, उद्घाटनं, निवडणुकीच्या सभा, सगळीकडे माझी वर्णी लागायची. पुढाऱ्यांची थुंकी मी झेलली, आहेर वाचणाऱ्या काकांची तंबाखू हुंगली, जेवणाचा लाभ घेतल्याशिवाय जाऊ नये अशी विनंती तर इतक्या वेळा केली की मीच निम्मा खान्देश जेवू घातला असं मला वाटायला लागलं.

एक गोष्ट मात्र माझ्या लवकर लक्षात आली. माझ्यासमोर येऊन पोटभर बोलायचे ते पुरुष. बायकांच्या वाट्याला मी यायचो स्वागतगीतापुरता, नाहीतर आभारापुरता. एका गावात सरपंचबाईंना भाषणाला बोलावलं. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं, पदर सावरला, स्वतःचं नाव सांगितलं, "बाकीचं आमचे हे बोलतील" असं म्हणून मला नवऱ्याकडे दिलं आणि जाऊन बसल्या. नवरा माझ्या अंगावर तासभर बरसला. टाळ्या त्याला पडल्या आणि हारही त्यालाच घातला. बाई खुर्चीत बसून हसत होत्या, पण मला घट्ट धरलेल्या त्यांच्या तळव्यांचा घाम बराच वेळ माझ्या अंगावर होता.

पुढे खान्देशी गाण्यांचं पेव फुटलं. आमच्या अहिराणी बोलीतली गाणी मोबाईलवर यायला लागली आणि लग्नाच्या वरातीत तीच वाजायला लागली. असलमभाईंनीही काळ ओळखला. आवाज घुमू नये म्हणून दुकानामागच्या खोलीला अंड्यांचे ट्रे चिकटवले, दाराला जुनी गादी टांगली, आणि ही खोली म्हणजे स्टुडिओ असं जाहीर करून टाकलं. धंदा लहान, त्यामुळे वरातीलाही मीच आणि स्टुडिओतही मीच. "ह्या माईकमध्ये आवाज गोड येतो," असं लोक म्हणायचे. मी फुशारून जायचो, खोटं कशाला बोलू?

सगळ्यात जास्त यायचा तो रुपचंद. त्याचं गाण्यांचं चॅनल होतं. गळ्यात कायम हेडफोन, बोलणं लोण्यासारखं, आणि कुठल्याही बाईला पहिल्या वाक्यातच अक्का करून टाकायचा. त्याच्या गाण्यांत गायच्या त्या वेगळ्या मुली आणि पडद्यावर नाचायच्या त्या वेगळ्या. गाणाऱ्या मुलींचं नाव कुठेच नसायचं. खाली लिहिलेलं असायचं, रुपचंद आणि पार्टी. एकदा एका मुलीने विचारलंही, तर तो म्हणाला, "पार्टीमा तू उनीच ना!" म्हणजे पार्टीत तू आलीसच की, आणि सगळे हसले. तीही हसली.

अशात एके दिवशी द्रौपदाबाई आली. कपाशीची वेचणी अर्ध्यावर टाकून आली होती, पदराला कापसाचे तंतू चिकटलेले होते आणि बोंडांनी ओरखडलेली बोटं ती पदरात लपवत होती. सोबत नवरा देवचंद. तो जिनिंगमध्ये हमाली करायचा, आणि बायकोला स्टुडिओत बोलावलं याचा त्यालाच जास्त अभिमान होता. द्रौपदाबाई आसपासच्या गावांत एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होती. तुम्ही शहरातली मुलं असाल तर तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे लेक सासरी निघाली की बायका नुसत्या डोळे पुसत नाहीत, त्या शब्दांनी रडतात. आई लेकीला गळ्याशी धरते, लांब हेल काढते, पुन्हा पुन्हा तिचं नाव घेते आणि तिचं सगळं लहानपण त्या रडण्यात सांगून टाकते. द्रौपदाबाईला ते असं यायचं की कुठल्याही घरची, कुठल्याही जातीची लेक निघाली की तिला बोलावणं जायचं. नुसते जेवायला आलेले पाहुणेही रुमाल शोधायचे. रुपचंदने तिला अशाच एका लग्नात ऐकलं होतं आणि त्याला पाठवणीचं गाणं करायचं होतं.

गाणं तिने झकास म्हटलं. पण शेवटी रडण्याचा भाग आला आणि ती थांबली.

"पोर समोर नही, मंग मी कोनाकरता रडू?" तिने विचारलं.

"अक्का, डोया मिटा अन् समजा, ती समोर उभी शे," रुपचंद म्हणाला.

"रडनं म्हंजे नाव घेनं पडस, भाऊ."

"घ्या ना मग! कोन नही म्हनस?"

सरावलेली गाणारी असती तर तिने विमल, कमल, तोंडाला येईल ते नाव घातलं असतं आणि पुढे गेली असती. द्रौपदाबाईला ते जमणारं नव्हतं. तिची एकुलती एक लेक आदल्या उन्हाळ्यातच सासरी गेली होती, एरंडोलजवळच्या एका गावात. लेकीचं नाव मृणाली. ते नाव द्रौपदाबाईने दवाखान्यातल्या एका नर्सबाईंकडून ऐकलं होतं आणि सासूशी, नवऱ्याशी भांडून ठेवलं होतं. घरात तिने हट्टाने आपलं खरं केलं असं ते पहिलंच. तिच्या स्वतःच्या तोंडी मात्र ते मिरनाली असं यायचं.

तिने डोळे मिटले आणि हेल काढला. "मिरनाली वं, मनी माय, आंगन सुनं करीसन कोठे चालनी?"

मित्रांनो, मी हजारो आवाज ऐकले आहेत. पण त्या दिवशी माझ्या आतला पडदा थरथरला तसा कधी थरथरला नाही. असलमभाईंचा हात बटणावर तसाच राहिला. वर जायच्या जिन्यात हुस्नबानो भाजीची परात घेऊन उभी होती, ती खाली बसली आणि ओढणी तोंडाशी धरून रडली. त्यांची लेक अफिफा नंदुरबारला दिलेली होती. रुपचंदनेही डोळे टिपले. त्याचे अश्रू खोटे होते असं मी म्हणणार नाही.

मग असलमभाईंनी द्रौपदाबाईच्या कानांना हेडफोन लावून तिचंच गाणं तिला ऐकवलं. ती दचकलीच. "हाऊ आवाज मना शे?" असं म्हणत ती रडता रडता हसायला लागली. "मनी आंडेरले ऐकाले भेटी का?" आंडेर म्हणजे लेक, मनी म्हणजे माझी. तिची मागणी एवढीच होती.

"बठ्ठा खान्देश ऐकी, अक्का! तुमनं नाव मोठा अक्षरमा टाकसू," रुपचंद म्हणाला.

गाणं आलं तेव्हा त्यावर द्रौपदाबाईचं नाव नव्हतंच, पण तिला वाचता येत नव्हतं आणि देवचंदने तिला सांगितलं नाही. मृणालीने सासरी मोबाईलवर ते ऐकलं आणि आईला फोन केला. फोनवर दोघी काहीही न बोलता नुसत्या रडल्या, असं द्रौपदाबाई बाजाराच्या दिवशी मुद्दाम दुकानात येऊन सांगून गेली. त्या दिवशी ती फार सुखात होती. मी तिला तशी पुन्हा पाहिली नाही.

पाठवणीचं गाणं काही चाललं नाही. लग्नसराई तोंडावर आली आणि रुपचंद पुन्हा आला. "लोके नाचाले येतस, असलमभाई, रडाले नही," असं म्हणून त्याने द्रौपदाबाईचं रडणं कापून घेतलं. खाली ढोल घातला, ताल वाढवला. मिरनाली वं, मनी माय. पुन्हा मिरनाली वं, मनी माय. आणि मधल्या जागांत त्याने आणि त्याच्या एका दोस्ताने माझ्यासमोर उभं राहून अशा ओळी म्हटल्या, की त्या मी तुम्हाला सांगणार नाही. त्या ओळींतली मिरनाली ही वरातीत नाचणाऱ्या पोरांनी वाटेल ते बोलावं अशी एक बाई होती. असल्या ओळी तुमच्याही कानांवर आलेल्या असतील, म्हणून समजावत बसत नाही.

असलमभाई चुळबुळले. "रुपचंद, त्यात पोरीचं खरं नाव आहे यार. नाव तरी काढ."

"नाव काढं ते गानामा राहिनं काय? नावच ते चालस!"

संध्याकाळी जेवताना हुस्नबानोने विषय काढला. "अफिफाच्या निकाहात मी रडले होते," ती म्हणाली. "ते असं ढोलावर वाजवलं असतं तर तुम्हाला चाललं असतं?"

"गाणं त्याचं आहे. मी नुसतं मशीन चालवतो," असलमभाई म्हणाले आणि हात धुवायला उठले. वाईट माणूस नाही तो. पण सीझन सुरू होत होता, आणि सीझनमध्ये माणसाला ऐकू कमी येतं.

त्याच सुमारास मृणालीच्या धाकट्या दिराचं लग्न निघालं. साऊंड कोणाचा सांगायचा असा विषय निघाला तेव्हा द्रौपदाबाईनेच व्याह्यांना सांगितलं, आमच्या शिंदखेड्याच्या असलमभाईंचा सांगा, फार भला माणूस आहे. त्यामुळे हळदीच्या दिवशी असलमभाईंचा टेम्पो एरंडोलकडे निघाला. टेम्पोत बॉक्स, मशीन, मी, आणि पुढे असलमभाईंशेजारी द्रौपदाबाई आणि देवचंद. ते नवं गाणं येऊन आठवडाच झाला होता. द्रौपदाबाईच्या गावात ते अजून पोचलं नव्हतं, पण जळगावकडे त्याने धुमाकूळ घातला होता. असलमभाईंनी मनाशी ठरवलं होतं की आज हे वाजवायचं नाही. रस्ताभर ते नको तितकं गोड बोलत होते.

मांडवात एका बाजूला बायका हळद लावत होत्या, दुसऱ्या बाजूला पोरांचा नाच चालला होता. मी असलमभाईंच्या टेबलावर होतो. मृणाली हळदीची वाटी घेऊन करवल्यांमध्ये उभी होती. बारावी झालेली, सडपातळ, आईसारखेच मोठे डोळे. तिचा नवरा प्रशील जळगावला एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात कामाला होता, सुट्टी काढून आला होता आणि पाहुण्यांना चहा देत फिरत होता. सगळं कसं छान चाललेलं. तेवढ्यात एका पोराने आपला मोबाईल मशीनला जोडला आणि ते गाणं लावलं.

पहिल्यांदा नुसता ढोल. मग मांडवभर ती हाक घुमली. मिरनाली वं, मनी माय.

द्रौपदाबाईच्या हातातली हळद तशीच राहिली. स्वतःचा आवाज तिने हेडफोनमध्ये ऐकलेला होता, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. मग मधल्या ओळी आल्या. पोरं शिट्ट्या मारत ओरडायला लागली, एक जण दुसऱ्याच्या खांद्यावर चढला, आणि प्रत्येक हाकेला सगळे एकदम कंबर हलवायला लागले.

आता नीट ऐका, मित्रांनो, कारण सगळं इथेच बिघडलं. त्या मांडवात मृणालीचं नाव फारसं कोणाला ठाऊकच नव्हतं. सासरच्या गावात सुनेला नावाने हाक मारतो कोण? ती प्रशीलची बायको होती, पोरांची वहिनी होती, तोतारामआबांची सून होती. गाण्यातली मिरनाली ही त्यांच्या लेखी कोणीतरी लांबची बाई होती. हे मृणालीला कळत होतं. ती मान खाली घालून, वाटी छातीशी घट्ट धरून, गाणं संपायची वाट बघत उभी होती. तिने आईकडे पाहून डोळ्यांनी खूण केली की बस खाली, काही बोलू नको. द्रौपदाबाईचं तिकडे लक्षच नव्हतं.

ती उठली. नाचणाऱ्या पोरांच्या मधून, धक्के खात, हळदीच्या हातांनी ती असलमभाईंच्या टेबलापाशी आली. असलमभाई तोवर मोबाईलची जोडणी तोडायला धडपडत होते. तिने मला उचललं.

"बंद करा! हाई गानं नही शे! हाऊ मना आवाज शे. मी मनी आंडेरकरता रडनी व्हती. मिरनाली मनी आंडेर शे, ती तठे उभी शे. तिना नाववर नाचू नका रे!"

असलमभाईंनी त्याच क्षणी गाणं तोडलं. इतकं खरं आणि इतकं लख्ख माझ्यातून कोणी कधी बोललं नव्हतं. मला वाटलं, आता ही पोरं शरमेने मान खाली घालतील. मी साधा माईक, मला माणसांचं काय कळतं! द्रौपदाबाईचं बोट जिकडे होतं तिकडे सगळ्या माना वळल्या.

"म्हंजे हाईच ती मिरनाली!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं आणि हसलं. मग दुसरा हसला. मग मोबाईल वर झाले, काही द्रौपदाबाईकडे, बरेचसे मृणालीकडे. एकाने तर तिला हात करून ती हाक नक्कल करून मारली. मृणालीच्या हातातली वाटी खाली पडली. ती उचलायला वाकली आणि तशीच खाली बसून राहिली.

तोतारामआबा गर्दी हटवत आले. ते काही तामसी गृहस्थ नव्हते. आवाज न चढवता ते द्रौपदाबाईला म्हणाले, "अक्का, आमनाच मांडोमा तुम्ही आमनी सूनना डंका पिटा. आते तिले तुमनाच संगे लयी जा."

प्रशील चहाचा ट्रे हातात धरून उभा होता. त्याने बायकोकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि ट्रे घेऊन आत गेला.

परतताना टेम्पोत चौघं होती. मग देवचंद बायकोवर उसळला. "तुले कोनी सांगेल व्हतं तिनं नाव घेवाले? दुसरं नाव घेती ते काय बिघडतं?"

"दुसरानी पोरनं नाव लीसन मी कसी रडू?" द्रौपदाबाई म्हणाली. तिला खरोखरच ते कळत नव्हतं.

मृणाली खिडकीबाहेर बघत होती. "आई, तू बोलली नसतीस तर गाणं संपलं असतं," ती हळू म्हणाली. "रोज एक गाणं येतं आणि रोज एक संपतं. हेही संपलं असतं गं."

द्रौपदाबाईच्या हातांवरची हळद वाळून पापुद्रे पडत होते आणि ती ते खरवडत बसली होती.

गाणं संपलं नाहीच. हळदीतल्या कोणीतरी द्रौपदाबाईच्या ओरडण्याचा व्हिडिओ टाकला, खाली लिहिलं, खऱ्या मिरनालीची आई. त्यामुळे गाणं आणखी चाललं. आता मृणालीचा चेहरा, तिचं सासर, तिचं माहेर, सगळं लोकांना माहीत झालं. ती गावात पाण्याला गेली तरी मागून हाक यायची. तिने बाहेर जाणं सोडलं. देवचंद पोलिसांत जायचं म्हणाला, तर जावयाचा निरोप आला की तिथेही तेच नाव लिहितील, पेपरातही तेच छापतील, आणखी किती गाजवायचं आहे? देवचंद घरी बसला.

शेवटी एका सकाळी तडजोडीची बैठक ठरली, आणि ती भरली असलमभाईंच्या याच खोलीत. तोतारामआबा आणि प्रशील जीप करून आले. जयभीम झाला, पाणी झालं. रुपचंदही आला, जरा वरमलेला. मी स्टँडवर होतो. माझ्याभोवती सगळे पुरुष खुर्च्यांवर बसले आणि द्रौपदाबाई नि मृणाली दाराजवळ, गादीच्या पडद्याला टेकून खाली बसल्या.

"भाऊ, मना आवाज वापस दी द्या," द्रौपदाबाई रुपचंदला म्हणाली.

रुपचंदने सगळ्यांदेखत आपल्या चॅनलवरून गाणं काढून टाकलं आणि मोबाईल फिरवून दाखवला. "मी काढं, अक्का. पन लोकेस्ना मोबाईलमा शे, डीजेवालास्नाकडे शे, ते मी कसं काढू?" मग त्याला वाटलं की आपण आणखी काहीतरी चांगलं करावं. "तुमनं नाव टाकानं राही गयं व्हतं. नवा गानावर टाकी देऊ का?"

"नको," द्रौपदाबाई म्हणाली. "कोनंच नाव टाकू नको."

मग प्रशील बोलला. तो घसा खाकरून, अगदी शांतपणे, जणू कारखान्यातली अडचण सांगावी तसा बोलला. "मी हिला टाकणार नाही. पण मला नाचणाऱ्यांची तोंडं धरता येत नाहीत. हिचं नाव बदलता येतं. लग्नात बदलतातच की बऱ्याच जणी. तेव्हा राहून गेलं, आता करू."

नाव तोतारामआबांनी आधीच काढून आणलं होतं. सुलक्षणा. आधारकार्डापासून सगळीकडे तेच लावायचं, माहेरच्यांनीही त्याच नावाने बोलवायचं, जुनं नाव तोंडातून काढायचं नाही. आणि द्रौपदाबाईने यापुढे कुठे गायचं नाही. देवचंदने लगेच होकाराची मान हलवली. माणसं अशी मान हलवतात तेव्हा त्यांना फार मोठं ओझं उतरल्यासारखं वाटत असतं.

जिन्याच्या दारातून हुस्नबानो म्हणाली, "पोरीला कोणी विचारलं का?"

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं, मग मृणालीकडे. मला वाटलं, आता ती नाही म्हणेल. माझं सगळं अंग त्या एका शब्दासाठी कान झालं होतं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "कुठल्याही नावाने हाक मारा. फक्त ते गाणं वाजलं की माझ्याकडे बघू नका."

ठरलं. चहा आला. तोतारामआबांनी रुपचंदला त्याची गाडी किती ॲव्हरेज देते ते विचारलं, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या, आणि लेकीला जीपकडे न्यायची वेळ आली.

खोलीचं दार उघडं होतं, दुकानाचं शटर वर होतं, त्यामुळे मला रस्त्यापर्यंत दिसत होतं. शेजारच्या दोन-तीन बायका सवयीने बाहेर आल्या, पदर डोळ्यांशी घेऊन उभ्या राहिल्या. लेक निघाली आहे आणि द्रौपदाबाई तिथे आहे म्हटल्यावर त्या वाट बघणारच. द्रौपदाबाईने लेकीला गळ्याशी धरलं. तोंड उघडलं. जुनं नाव घ्यायचं नव्हतं आणि नवं तिच्या लेकीचं नव्हतं. तिचे ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि काहीच बाहेर आलं नाही. बायका थांबल्या, एकमेकींकडे बघायला लागल्या. प्रशीलने जीपचा दरवाजा उघडून धरला. मृणाली आईच्या हातांतून सुटली, आत बसली, आणि जीप निघून गेली. द्रौपदाबाईचं तोंड अजून उघडंच होतं. देवचंदने तिला दंडाला धरून वळवलं.

त्यानंतर ती दुकानात आली नाही. लोक सांगतात की आता ती कोणाच्याच पाठवणीला जात नाही. बोलावणं आलं की अंगात कणकण आहे म्हणते. तिच्या गावच्या लेकी आता मुकाट्याने सासरी जातात, नाहीतर डीजेवर जातात. हुस्नबानोने असलमभाईंशी बरेच दिवस अबोला धरला. मग एक दिवस असलमभाईंनी स्टुडिओ बंद केला, मला स्टँडवरून काढलं आणि खणात ठेवून दिलं. मला पुसायचं राहून गेलं. माझ्या मुठीवर द्रौपदाबाईच्या बोटांची हळद आहे ती तशीच आहे, आणि ती कोणी पुसू नये असं मला वाटतं.

मित्रांनो, मला जपा, तेलपाणी करा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी वस्तू आहे, माझ्या जागी उद्या नवा येईल. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आम्ही माईक लोक बायकांचे आवाज घेतो आणि तुम्ही ते कापता, जोडता, वाजवता, आणि ज्या बाईचा आवाज आहे तिला मात्र कोणी काही विचारत नाही. ती बोलली तरी तिच्यावर मोबाईल रोखता. तुम्ही लहान आहात, उद्या तुमच्याच हातात मोबाईल आणि मशीन येणार आहे, म्हणून तुमच्याकडे एकच मागणं मागतो.

ते गाणं अजून वाजतं. चोपड्याला वाजतं, एरंडोलला वाजतं, आमच्या शिंदखेड्यातही आठवड्यातून एकदा तरी या दुकानावरून जातं. तुमच्या गावच्या हळदीत ते लागलं की नाचायचं थांबा, आणि शेजारच्यालाही थांबवा. तिथे एक आई आपल्या लेकीला हाक मारते आहे, आणि त्या हाकेला ओ द्यायची तिच्या लेकीला बंदी आहे.